नवी बॅटरी बसविल्यावरही गाडी सुरू का होत नाही?

व्यापाऱ्याच्या घरी पूर्वी बैलजोडीला जे स्थान होते ते आज गाडीला आले आहे. पांढुर्ण्याच्या मंडीतील माल पहाटेच्या आत नागपूरच्या कळमना बाजारात पोहोचवावयाचा असो, किंवा सौसरहून घाट चढून छिंदवाड्याकडे जावयाचे असो, सारा व्यवहार एका किल्लीच्या वळणावर अवलंबून असतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकण्याची आपल्याकडे चाल आहे. जू जेथे टेकते, तेथेच बैलाला इजा होते, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. गाडीतही असे जू टेकण्याचे एक ठिकाण आहे, आणि ते म्हणजे बॅटरीची दोन टोके. बॅटरी बदलल्यानंतर गाडी सुरू होत नसेल, तर दहांपैकी बहुतेक वेळा दुखणे तेथेच असते. पण आपण ते शोधतो मात्र भलतीकडे.

मी धान्याचा व्यापारी. यंत्रविद्येची पदवी माझ्याजवळ नाही. मॅट्रिकपर्यंतचे पदार्थविज्ञान आणि चाळीस वर्षे गाड्यांशी आलेला नित्याचा संबंध, एवढेच माझे भांडवल आहे. परंतु या विषयात जे समजून घ्यावयाचे आहे, त्यास याहून अधिक भांडवल लागत नाही.

प्रथम नेहमी घडणारा प्रकार पाहू. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली, सकाळी गाडी कुंथू लागली, म्हणून मालकाने नवी बॅटरी आणविली. चालकाने किंवा दुकानाच्या पोऱ्याने ती बसविली. दिवे लख्ख लागले, हॉर्न खणखणीत वाजला. किल्ली फिरविली, आणि ‘ट्क’ असा एक आवाज होऊन सर्व शांत! आता मालक म्हणतो, बॅटरी खराब दिली. दुकानदार बॅटरी तपासून म्हणतो, बॅटरी उत्तम आहे, सेल्फ गेला असेल. मिस्त्री सेल्फ उतरवितो, ब्रश बदलतो, तरी तीच गत. आमच्या मंडीतील एका अडत्याच्या पिकअपची अशीच कथा झाली. ऐन सोयाबीनच्या हंगामात भरलेली गाडी दोन दिवस उभी राहिली, आभाळ भरून आलेले, हमालांनी माल उतरवून पुन्हा दुसऱ्या गाडीत भरला. दुसरी बॅटरीही विकत घेऊन झाली. शेवटी मालकाने ठरविले, की चालकानेच वायर उलटसुलट जोडून काहीतरी जाळले. त्याच्या पगारातून पैसे कापण्यात आले. तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने बॅटरीच्या टोकावरची पकड हाताने धरून फिरविली, तर ती बोटाने फिरली. पत्र्याची एक पातळ पट्टी मध्ये सरकवून त्याने पकड आवळली आणि गाडी पहिल्या हाकेला सुरू झाली. कापलेले पैसे चालकाला परत मिळाले. परंतु अकरा वर्षांचा तो इमानी माणूस त्या महिन्याअखेरीस काम सोडून गेला. गाडीचा खर्च वहीत लिहिता येतो, हे नुकसान कोणत्या खात्यात लिहावे?

दिवे लख्ख लागत असता सेल्फ का फिरू नये, हा प्रश्न येथे कोणासही पडेल. ‘बॅटरीत वीज आहे हे दिव्यांनी सिद्धच झाले’ हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो, आणि सर्व घोटाळा यातूनच उपजतो. आपल्याच धंद्यातील दाखला घेतो. गोदाम धान्याने काठोकाठ भरलेले आहे, पण दाराशी पोती कोसळून एकच माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट उरली आहे. एखाद्या हमालाला एक पोते आणावयास सांगितले, तर तो ते आणील. पाहणाऱ्याला वाटेल, गोदामात माल आहे, दारही उघडे आहे. पण चाळीस हमालांना एकदम आत सोडा. एकही पोते बाहेर येणार नाही. दिवा हा एकटा हमाल आहे. सेल्फ म्हणजे चाळीसांची टोळी.

हेच अंकांत मांडू. गेओर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली प्रसिद्ध केलेला नियम शाळेत सर्वांनी घोकलेला असतो : प्रवाहाला अडथळ्याने गुणले, म्हणजे त्या अडथळ्यात किती व्होल्ट खर्ची पडले ते निघते. समजा, ढिल्या पकडीपाशी एका ओहमचा पन्नासावा भाग एवढाच अडथळा आहे. पुढचे दोन दिवे मिळून सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतात. नवाचा पन्नासावा भाग ०.१८ व्होल्ट, साडेबारा व्होल्टांतून एवढे गेले तर दिव्याला ते कळतही नाही. पण सेल्फला इंजिन फिरविण्यासाठी लहान गाडीतही शंभर-दोनशे अँपिअर लागतात, डिझेलच्या गाडीला त्याहून पुष्कळ अधिक. दोनशेचा पन्नासावा भाग ४ व्होल्ट! बॅटरीतून निघालेल्या रकमेपैकी तिसरा हिस्सा दारातच दलालीत गेला. उरलेल्या आठ व्होल्टांत सेल्फ फिरणार कसा? तेव्हा दिवे लागले म्हणजे बॅटरीत काही आहे एवढेच कळते. ते सेल्फपर्यंत पोहोचेल, याची ती हुंडी नव्हे.

हा अडथळा येतो कोठून? बॅटरीची टोके शिशाची असतात. शिशावर हवेने एक करडा थर चढतो. तो विजेला वाट देत नाही. जुन्या पकडीच्या आतल्या अंगालाही तसाच थर असतो, शिवाय आम्लाच्या वाफेने आलेली पांढरी-हिरवी फुले. नवी बॅटरी कोरी करकरीत असली, तरी पकड जुनीच असते. आणि पकड आतून घासण्याची तसदी कोणी घेत नाही, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. काही नव्या बॅटऱ्यांच्या टोकांवर प्लॅस्टिकची टोपी असते. ती न काढताच वरून पकड दाबून बसविल्याची उदाहरणेही मी पाहिली आहेत.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. बॅटरीच्या टोकांची जाडी एकसारखी नसते. एक जाड जातीची आणि एक बारीक जातीची, अशी दोन मापे बाजारात आहेत. बारीक माप जपानी पद्धतीच्या लहान बॅटऱ्यांवर येते. शिवाय प्रत्येक बॅटरीत धन टोक ऋण टोकापेक्षा थोडे जाड केलेले असते. त्यामुळे जुनी बॅटरी जाड टोकाची आणि नवी बारीक टोकाची आली, तर पकडीचा बोल्ट शेवटपर्यंत आवळला तरी पकड टोकाला पुरती कवटाळत नाही. पाना लावणाऱ्या माणसाला हाताला घट्ट लागते, आणि तो प्रामाणिकपणे सांगतो की ‘टाइट आहे’. बोल्ट घट्ट असणे आणि पकड घट्ट असणे या दोन भिन्न गोष्टी होत. परीक्षा सोपी आहे : किल्ली बंद ठेवून पकड हाताने पिळून पाहावी. केसभरही हलली तर तेथेच थांबावे. पकड काढून टोक व पकडीचे आतले अंग बारीक काचकागदाने धातू चमकेपर्यंत घासावे, योग्य मापाची शिशाची चकती किंवा नवी पकड बसवावी, आवळावे, आणि मग वरून व्हॅसलीनचा हात द्यावा. व्हॅसलीन शेवटी, आधी नव्हे.

इतके करूनही गाडी मुकीच राहिली, तर पुढचे काम कानांचे आहे. रात्री किंवा सावलीत दिवे लावून ठेवावे, एकाने किल्ली फिरवावी आणि दुसऱ्याने दिव्यांकडे पाहत कान द्यावा. ‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज आला आणि दिवे लुकलुकले, तर सेल्फवरची चुंबकी कळ ओढली जाते आहे, पण ओढ घेताच व्होल्ट कोसळून ती पुन्हा सुटते आहे, असे समजावे. बॅटरी रिकामी आहे किंवा तिच्या टोकाशी जोड कच्चा आहे. किल्ली फिरविताच दिवे अगदी विझून गेले आणि पुन्हा आपोआप लागले, तर जोड कच्चा असण्याचाच संभव अधिक. एकच ‘ट्क’ होऊन दिवे तसेच लख्ख राहिले, तर बॅटरीची टोके निर्दोष असून अडथळा त्यापुढे, केवळ सेल्फच्या वाटेवर आहे : सेल्फला जाणारी जाड वायर, सेल्फची कळ, किंवा इंजिनाला सांगाड्याशी जोडणारी विणलेली पट्टी. या पट्टीकडे आपल्या भागात फारच दुर्लक्ष होते. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेले असते. रबरातून वीज जात नाही. ऋण बाजूचा सारा प्रवाह त्या एका पट्टीवरून परततो. चिखल, पाणी आणि कंप यांनी ती कुजते, आणि बॅटरी बदलताना ओढाताण झाली की उरलेले तारही तुटतात.

काहीच आवाज झाला नाही आणि दिवेही हलले नाहीत, तर सेल्फपर्यंत हुकूमच गेलेला नाही. तेथे फ्यूज, रिले, किल्लीचा स्विच, आणि ज्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर मोकळा असल्याशिवाय सेल्फ लागत नाही तेथील ती कळ पाहावी लागते. बाहेरून बसविलेली चोरघंटा असेल, तर बॅटरी काढली त्यालाच ती चोरी समजून सेल्फ अडवून बसते. तिच्या रिमोटने तिची समजूत घालावी.

ज्यांच्याजवळ मल्टिमीटर आहे (चांगले कामचलाऊ यंत्र फार महाग नसते, आणि चार गाड्या बाळगणाऱ्याने ते दुकानात ठेवावेच), त्यांना अनुमानाची गरज नाही. गाडी काही तास उभी असता बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसावा. १२.२ म्हणजे ती अर्धीच भरलेली; १२ च्या खाली गेली तर तिच्याकडून सेल्फची अपेक्षा करू नये. सेल्फ फिरवीत असताना हा आकडा खाली येणारच. पण साधारण साडेनऊच्या खाली जाऊ नये. आता खरी परीक्षा : यंत्राची एक सुई शिशाच्या टोकावर आणि दुसरी त्याच टोकावरील पकडीवर ठेवावी, आणि किल्ली फिरवावी. दोहोंच्या मध्ये काहीच अंतर नसल्यामुळे आकडा शून्याजवळ राहावयास पाहिजे. अर्धा, एक, दोन व्होल्ट दिसले, तर दलाल सापडला! याच रीतीने ऋण टोक आणि इंजिनाचा उघडा धातू यांच्यामध्ये मोजावे. तेथे अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसू नये. यंत्र नसेल तर जोडणीची जाड वायर घेऊन तिचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरे इंजिनाच्या लोखंडाला घट्ट लावावे. सेल्फ फिरला, तर पट्टी दोषी. पाच मिनिटांत निवाडा होतो आणि सेल्फ उतरविण्याचा खर्च वाचतो.

नवी बॅटरी म्हणजे भरलेली बॅटरी, ही समजूतही तपासून घ्यावी. शिशाची बॅटरी गास्तोँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये सिद्ध केली, तेव्हापासून तिचा एक स्वभाव बदललेला नाही : नुसती ठेवली तरी ती हळूहळू रिकामी होते, आणि उष्णतेत अधिक वेगाने. आपल्याकडील वैशाखात पत्र्याच्या दुकानात महिनोन् महिने पडलेली बॅटरी नवी असली तरी अर्धपोटी असू शकते. म्हणून घेतेवेळी तयार झाल्याचा महिना पाहावा आणि दुकानातच व्होल्ट मोजून घ्यावे. धान्य घेताना आपण मूठ भरून पाहतो, बॅटरीला तेवढा तरी मान द्यावा. जी बॅटरी कोरडी येते व दुकानात आम्ल घालून मिळते, तिला तेथेच पहिली भरणी द्यावी लागते. घाईतला गिऱ्हाईक ‘चालता चालता भरेल’ म्हणून ती तशीच उचलतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदाराशी भांडतो.

आता सर्वांत वाईट प्रकार, म्हणजे उलटी जोडणी. एकाच मापाच्या बॅटऱ्या दोन प्रकारच्या येतात. एकीत धन टोक डावीकडे, दुसरीत उजवीकडे. त्यांच्या क्रमांकाच्या शेवटी एल किंवा आर एवढाच फरक असतो, उदाहरणार्थ ३८बी२०एल आणि ३८बी२०आर. भलते अक्षर आले, की वायर आपल्या सवयीच्या बाजूला जाते आणि धन-ऋण उलटते. एक ठिणगी उडते. त्या क्षणी अल्टरनेटरमधील डायोड उलट्या दिशेला मोकळी वाट करून देतात, आणि त्या लोंढ्यात मुख्य फ्यूज वितळतो. यानंतर बॅटरी सरळ जोडली तरी गाडी मृतवत् राहते. बहुधा हा मोठा फ्यूज बदलून काम भागते. दैव फिरलेले असेल तर अल्टरनेटर किंवा इंजिनाची नियंत्रणपेटी जाते, आणि ती नव्या बॅटरीच्या कितीतरी पट महाग असते. तेव्हा ठिणगी उडाली असेल तर बसविणाऱ्याने ते लपवू नये, आणि लपविण्याची पाळी त्याच्यावर येईल असे मालकाने ओरडू नये. खरे कळले तर मिस्त्री सरळ फ्यूजकडे जातो. न कळले तर दिवसभर चाचपडतो.

सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पकडत नाही, ही तक्रार निराळ्या वर्गातली. येथे जाड वायर निर्दोष आहे, बारीक वायर विसरली आहे. धन टोकाला जाड वायरीखेरीज एक-दोन बारीक वायरही बसतात. त्या इंधनाच्या पंपाला, नियंत्रणपेटीला वा फ्यूजपेटीला जातात. घाईत एखादी खाली लोंबत राहते. जुन्या धाटणीच्या डिझेल पंपावर एक विजेची कळ असते. वीज मिळाली तरच ती डिझेलची वाट उघडते. तिची वायर निसटली, तर सेल्फ कितीही फिरवा, धुराड्यातून धूर येणार नाही. आणि धूर नाही म्हणजे डिझेल पोहोचत नाही, ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. किल्लीचे चिन्ह सूचनाफलकावर लुकलुकत राहिले, तर गाडी किल्ली ओळखत नाही. दुसरी किल्ली लावून पाहावी. आणि नव्या पेट्रोल गाड्या कधी सुरू होऊन लगेच बंद पडतात, कारण हवा किती घ्यावयाची हे त्यांनी जे शिकलेले असते ते बॅटरी काढताच पुसले जाते. वातानुकूलन बंद ठेवून पाच-दहा मिनिटे इंजिन संथ चालू दिले, की बहुतेक गाड्या आपला धडा पुन्हा शिकतात. घड्याळ आणि काचांची बटणे यांनाही पुन्हा वळण लावावे लागते.

ट्रक बाळगणाऱ्यांसाठी दोन शब्द. मोठ्या ट्रकात १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीचे धन दुसरीच्या ऋणाला जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. त्यांना जोडणारी मधली वायर ढिली असली, तरी वर सांगितलेलेच सारे होते. एक नवी आणि एक जुनी अशी जोडी लावू नये. चांगल्या बैलाच्या शेजारी थकलेला जुंपल्यासारखे होते, दोन्ही लवकर बसतात. बॅटरीजवळचा तोडस्विच काम करताना बंद केलेला तसाच राहिला आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. आणि ट्रकच्या २४ व्होल्टांवरून १२ व्होल्टच्या मोटारीला उसनी वीज देण्याचा जो प्रकार धाब्यांवर चालतो, तो कदापि करू देऊ नये.

करू नये अशाही काही गोष्टी आहेत. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक ताणू नये आणि पुन्हा फिरविण्यापूर्वी अर्धा-एक मिनिट थांबावे, नाहीतर चांगला सेल्फ जळतो आणि मग खरोखरच सेल्फ गेलेला असतो. चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून ‘डायनमो भरतो का’ हे पाहण्याची काही जुन्या मिस्त्र्यांची खोड आहे. डायनमोच्या काळी ती खपून गेली, आजच्या गाडीत तिने नियंत्रणपेटीचा बळी जातो. बॅटरी काढताना ऋण वायर आधी, आणि बसविताना ती शेवटी. कारण ऋण बाजू सांगाड्याला जोडलेली असल्यामुळे धन टोकावरचा पाना चुकून पत्र्याला लागला, तर वेल्डिंगसारखी आग उठते. (एके काळी काही इंग्रजी गाड्यांत धन बाजू सांगाड्याला असे, तसली जुनी गाडी हौसेने ठेवली असेल त्याने आधी खूण पाहावी.) बॅटरीजवळ विडी-काडी नको; भरताना तिच्यातून निघणारा हायड्रोजन वायू स्फोटक असतो.

गाडी सुरू झाल्यावर लगेच बॉनेट आपटून निघू नये. इंजिन चालू असता दोन टोकांवर पुन्हा मोजावे, साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत, ट्रकात त्याच्या दुप्पट. साडेबाराच राहिले, तर अल्टरनेटर भरीत नाही; म्हणजे जुनी बॅटरीही कदाचित निर्दोषच होती आणि नवीही आठवड्यात बसेल. दिवसा आकडा ठीक आणि सकाळी बॅटरी रिकामी, असे झाले तर रात्रभर काहीतरी वीज खात आहे : डिकीतला दिवा, टेप, किंवा मागाहून जोडलेली एखादी वायर.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता दुकानात परत करावी. २०२२ च्या नियमांनी ती गोळा करून पुन्हा कामी आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे, आणि दुकानदार तिची किंमतही वळती करून देतो. तिच्यातले आम्ल नालीत ओतण्याने किती जीव जातात, हे आपल्या मंडळींस सांगावयास नको. नव्या बॅटरीच्या अंगावर बसविल्याची तारीख रंगाने लिहावी, आणि पावती गाडीत न ठेवता दुकानाच्या वहीत टाचून ठेवावी. हमीच्या मुदतीत तीच मागितली जाते.